हाताला लागत नाही ते

ऑक्टोबर म्हणजे स्तनांच्या कॅन्सरबद्दल जागृतीचा महिना, आणि तो उजाडला की स्टेनडालच्या लोकांच्या अंगात गुलाबी रंग संचारतो. बँकेच्या दारात गुलाबी फुगे, फुटबॉलच्या पोरांच्या पायात गुलाबी मोजे, बेकरीत गुलाबी साखरेचे डोनट. आर्डिस टॉलेफसनला हे सगळं बघून मळमळायचं. "कॅन्सर डोनटला घाबरतो वाटतं?" असं ती भेटेल त्याला विचारायची, आणि ज्याला विचारायची त्याच्या तोंडात बहुधा डोनटच असायचा.

या सगळ्यावर कडी म्हणजे ती गाडी. बायकांच्या छातीचे फोटो काढणारी ती लांबलचक पांढरी गाडी वर्षातून दोन दिवस फीड मिलच्या, म्हणजे पशुखाद्याच्या गिरणीच्या, आवारात, पेंडीच्या थप्पीशेजारी येऊन उभी राहायची. तिच्या अंगावर हातभर अक्षरांत लिहिलं होतं: हाताला लागणारही नाही इतकी बारीक गाठ आम्ही शोधतो. आर्डिसचा खरा राग होता तो या ओळीवर.

कारण हात म्हणजे आर्डिस. वय त्रेसष्ट, त्यातली पंचेचाळीस वर्षं गाईंच्या पोटाखाली गेलेली. कासेवरून एकदा बोटं फिरवली की कोणत्या सडाला दोन दिवसांत दगडी, म्हणजे दूध नासवणारी कासेची सूज, होणार ते ती सांगायची, आणि व्हायची. जनावरांचा डॉक्टर स्वतः तिला फोन करून विचारायचा. काउंटीच्या जत्रेत लोक आपल्या गाई तिच्यापुढे आणून उभ्या करत. ती कंटाळल्यासारखं तोंड करायची, "काय कटकट आहे" म्हणायची आणि बाह्या सारून तयारच असायची. स्वतःच्या बोटांचा इतका गर्व असलेली बाई विस्कॉन्सिनात दुसरी नसेल.

पण आर्डिस मूर्ख नव्हती. दगडी अगदी सुरुवातीला असते तेव्हा कास मऊ असते, दूध पांढरंशुभ्र असतं आणि जगातल्या कुठल्याच बोटांना काही कळत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिच्या गोठ्यात दर पंधरा दिवसांनी तबकडी फिरायची. प्लास्टिकची तबकडी, तिच्यात चार वाट्या, प्रत्येक सडाच्या दोन धारा एकेका वाटीत, वर जांभळं औषध घालून गोल हलवायचं. चांगलं दूध पातळच राहतं. बिघडलेलं असेल तर त्याचा शेंबडासारखा घट्ट गोळा होतो. ज्याच्या गोठ्यात तबकडी नाही त्याला आर्डिस शेतकरी मानतच नसे.

"मग तुम्ही त्या गाडीत का नाही जात?" सुनेने, केंड्राने, एकदा विचारलं होतं.

"गाईला बोलता येत नाही, म्हणून तबकडी लागते," आर्डिस म्हणाली. "मला चांगलं बोलता येतं."

केंड्रा मॅडिसनची. विद्यापीठात समाजशास्त्र शिकून शेवटी इथे शेण काढायला आली, म्हणून आर्डिस तिला 'विदुषी' म्हणायची. तोंडावरच म्हणायची.

पण आर्डिसच्या तुच्छतेचा मोठा वाटा राखून ठेवलेला होता तो शेजारच्या डेल्बर्ट कुबालासाठी. दोघं एका वर्गात होती आणि तेव्हापासूनच तो मंद आहे असं तिचं ठाम मत होतं. दोन वर्षांपूर्वी चीजच्या कारखान्याने त्याचं दूध घ्यायचं थांबवलं. निम्म्या गाईंना आतून दगडी होती आणि याला पत्ता नव्हता. फीड मिलमध्ये कॉफीच्या किटलीभोवती नऊ माणसं बसलेली असताना आर्डिसने त्याला उभा-आडवा घेतला.

"तबकडी का नाही वापरलीस?"

"हात लावून बघितलं होतं," डेल्बर्ट म्हणाला. "हाताला काही नव्हतं."

"हाताला लागेपर्यंत थांबायचं असतं का, अरे बैला? हाताला लागलं म्हणजे कारभार आटोपला!"

नऊ माणसं हसली, आर्डिसही हसली. डेल्बर्ट काहीच बोलला नाही, नुसता तिच्याकडे बघत राहिला, बराच वेळ. मग त्याने पोतं खांद्यावर टाकलं आणि निघून गेला. बघा, उत्तरसुद्धा सुचत नाही गाढवाला, असं ती तेव्हा लायलला म्हणाली होती. लायल म्हणजे तिचा नवरा. तो 'हं' म्हणाला. चाळीस वर्षांच्या संसारात तो बहुतेक वेळा एवढंच म्हणाला होता.

त्यात डेल्बर्ट अलीकडे आपल्या ओल्या गवताचे गठ्ठे गुलाबी प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा. बाजारात तसं प्लास्टिक मिळतं, कॅन्सरच्या नावाने. त्याची बायको रोझॅन त्याच कॅन्सरने गेली होती. आर्डिसच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती गुलाबी रांग थेट दिसायची. भांडी घासताना ती त्या खिडकीकडे पाठ करून उभी राहायची आणि पाणी जमिनीवर सांडायचं.

---

आर्डिस त्या गाडीत चढली ती पत्त्यांमुळे.

शुक्रवारी सगळं गाव टॅव्हर्नमध्ये तळलेले मासे खायला जमतं, आणि मासे संपले की युकरचे डाव पडतात. त्या शुक्रवारी आर्डिस आणि लायल एका बाजूला, मुलगा नेल्स आणि केंड्रा दुसऱ्या बाजूला. आर्डिस केंड्राच्या खेळाला हसत होती. हसता हसता केंड्राने पैज लावली: "मी हरले तर महिनाभर पहाटेची धार माझी. तुम्ही हरलात तर सोमवारी गाडीत जायचं."

"तू? मला हरवणार?" आर्डिसने ग्लास खाली ठेवला. "लाव."

शेवटच्या डावात तिच्या हातात धड पानं नव्हती. शहाण्या माणसाने गप्प पास म्हटलं असतं. पण समोर विदुषी बसली होती, म्हणून आर्डिसने हुकूम सांगितला. केंड्राने हुकमाचा गुलाम आणि त्याच रंगाचा दुसरा गुलाम, युकरमधली सगळ्यांत मोठी दोन पानं, एकापाठोपाठ टेबलावर ठेवली.

"हं," लायल म्हणाला.

स्टेनडालमध्ये माणूस चर्च चुकवू शकतो, कर चुकवू शकतो, पण युकरची पैज चुकवली तर त्याच्याशी पुन्हा कोणी पत्ते खेळत नाही. सोमवारी साडेदहाला आर्डिस गाडीच्या पायऱ्या चढली, गोठ्यातले बूट घालूनच.

आत बेव सेब्रानेक नावाची एक ठेंगणी बाई होती. पन्नाशीची, केस मानेवर घट्ट बांधलेले. तिने कागद बघितला.

"आधीचे फोटो कुठे काढलेत?"

"कुठेच नाही."

"त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा?" बेव म्हणाली. "अभिनंदन. केक मागवू?"

आर्डिसला अशा स्वरातलं ऐकून घ्यायची सवय नव्हती. तिने झगा अंगावर ओढला.

"हे काय चोपडलंय?" बेवने नाक जवळ आणलं.

"कासेचं मलम. कातडीला भेगा पडतात. गाईला चालतं, मला चालतं."

"माझ्या मशीनला नाही चालत. फोटोत त्याचे पांढरे ठिपके उमटतात." बेवने ओल्या फडक्याने तिची काख आणि छाती खसखसून पुसून काढली, पातेलं घासावं तशी. मग तिला मशीनशी उभं केलं, छाती हाताने उचलून पुढे ओढली, सुरकुत्या सारख्या केल्या, खांदा दाबून खाली बसवला. वरून प्लास्टिकची पट्टी खाली येऊ लागली. बेवचा हात मुरलेला होता, एवढं आर्डिसला नाइलाजाने मान्य करावं लागलं.

"असं दाबलं तर गाय लाथ घालते," ती दातांवर दात ठेवून म्हणाली.

"घाला की. मशीन काय माझ्या बापाचं आहे? श्वास रोखा."

"दूध तेवढं निघायचं राहिलंय."

"निघालं तर बाटलीत भरून देते. हलू नका."

चार फोटो झाले. बेव पडद्याकडे बघत होती. आर्डिस तिच्या तोंडाकडे बघत होती. त्या तोंडावर काही म्हणता काही नव्हतं.

"काय दिसलं?"

"ते मी सांगायचं नसतं. डॉक्टर सांगतात."

"म्हणजे तू नुसती बटणं दाबतेस."

"हो. आणि तुम्ही नुसते सड ओढता. कपडे घाला."

बाहेर येऊन आर्डिसने लायलला ट्रकमध्ये सगळी हकीकत सांगितली. "दोन फळ्यांत सँडविच केलं माझं. आणि म्हणे शास्त्र! माझ्या बोटांना जे मिळत नाही ते या डब्याला मिळणार?" ती घरी येईपर्यंत हसत होती.

---

नवव्या दिवशी पत्र आलं. उजव्या बाजूचे आणखी फोटो काढणं गरजेचं आहे, बहुतेक वेळा यातून काही निघत नाही, ला क्रॉसच्या इस्पितळात वेळ घ्यावी.

आर्डिस पत्र घेऊन बाथरूममध्ये गेली. कडी लावली. डोळे मिटून तिने उजवी छाती तपासली, वरून, खालून, काखेपर्यंत, गाईची तपासते त्याहून सावकाश. कुठे काही नव्हतं. मलमाचे ठिपके असणार, असं तिने स्वतःला सांगितलं. बेवने फडकं घासून कातडी सोलून काढली होती, हे ती सोयीस्करपणे विसरली. पत्र तिने ऑफिसातल्या खणात, वळूंच्या कॅटलॉगखाली सारलं.

आता कोणी म्हणेल, बाई मरणाला घाबरली. नाही. मरणाला ती तितकीशी घाबरत नव्हती. तिला भीती होती ती वेगळीच, आणि ती तिने कोणालाच, लायललासुद्धा, सांगितलेली नव्हती.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबरच होता आणि चर्चचं वार्षिक जेवण होतं. तळघरात तीनशे माणसं लुटफिस्क हा नॉर्वेजियन मासा खात होती, माशावर लोण्याचे पाट वाहत होते. आर्डिस आणि रोझॅन कुबाला आतल्या स्वयंपाकघरात बटाटे उपसत होत्या. रोझॅन एकाएकी तिला कोठीच्या खोलीत घेऊन गेली आणि दार लोटलं.

"उद्या त्या गाडीत माझा नंबर आहे," रोझॅन म्हणाली. "मला फार भीती वाटते गं. माझ्या मावशीला झालेला. तू एकदा बघतेस का? तुझ्या बोटांवर माझा जास्त भरवसा आहे."

आर्डिसला हे ऐकून बरं वाटलं. बरं म्हणजे फारच बरं वाटलं. पिठाच्या गोण्यांमध्ये उभं राहून तिने रोझॅनच्या ब्लाउजमध्ये हात घातला, दोन मिनिटं बोटं फिरवली आणि ऐटीत म्हणाली, "काही नाही. लोण्यासारखं मऊ आहे. त्या डब्यात जाऊन कशाला चिरडून घेतेस?"

रोझॅनने दुसऱ्या दिवशीचा नंबर रद्द केला. पुढच्या उन्हाळ्यात गवत कापणीच्या वेळी आंघोळ करताना तिच्याच हाताला गाठ लागली. तोवर कॅन्सर काखेत आणि यकृतात पोचला होता. त्याच्या पुढच्या मार्चमध्ये तिला पुरलं, जमीन अजून गोठलेली होती.

आर्डिसने तेव्हाच ठरवून टाकलं होतं की ऑक्टोबरात तिथे काही नव्हतंच. असतं तर बोटांना कळलं असतं. गाठ नंतर आली, उन्हाळ्यात आली. या एका गोष्टीवर ती इतकी वर्षं जगत होती. आता त्या डब्याला तिच्या छातीत असं काही सापडलं की जे तिच्या बोटांना सापडत नाही, तर रोझॅनच्या छातीतही तेव्हा ते असू शकत होतं. मग आर्डिसच्या बोटांनीच तिला घरी पाठवलं होतं. त्यापेक्षा ते पत्र वळूंच्या खालीच बरं होतं.

इस्पितळातून फोन आले. पहिल्याला तिने सांगितलं, गाय वितेय. दुसऱ्याला सांगितलं, दुसरी गाय वितेय. तिसऱ्यांदा नर्स म्हणाली, "बरीच विणारी जनावरं आहेत हो तुमच्याकडे," आणि आर्डिसने फोन ठेवून दिला. दुसरं पत्र आलं. तेही खणात गेलं.

---

नोव्हेंबरच्या अखेरीस हरणांची शिकार सुरू झाली. त्या शनिवारी सगळ्या काउंटीत पुरुष म्हणून दिसत नाही. लायल आणि नेल्स नारिंगी जाकिटं घालून रानात गेले. गोठ्यात दोघी बायकाच राहिल्या.

तबकडीचा दिवस होता. केंड्राने वाट्या धरल्या, धारा घेतल्या, औषध घातलं, गोल हलवलं. लोटी नावाच्या गाईपाशी ती थांबली.

"आर्डिस, इकडे या. मागचा डावा."

चौथ्या वाटीतलं दूध घट्ट होऊन एका बाजूला सरकत होतं. आर्डिस खाली बसली. लोटीची कास तिने चारही बोटांनी दाबून बघितली, मग अंगठ्याने. मऊ होती. गरमसुद्धा नव्हती.

"हिला वेगळी बांध. हिचं दूध टाकीत जाऊ देऊ नकोस," ती उठत म्हणाली.

"तुमच्या हाताला काही लागलं?"

"नाही."

"मग कशाला? तुमच्या हाताला लागत नाही म्हणजे नसेलच."

"अक्कल गहाण टाकलीस का?" आर्डिस भडकली. "वाटीत दिसतंय ना डोळ्यांसमोर? हाताला लागेपर्यंत थांबायचं असतं का? हाताला लागलं म्हणजे कारभार..."

केंड्राने तबकडी खाली ठेवली, जाकिटाच्या खिशात हात घातला आणि दोन पत्रं काढली. त्यांना वळूंच्या कॅटलॉगची शाई लागली होती.

"लोटीसाठी वळू निवडायला तो कॅटलॉग काढला होता," केंड्रा म्हणाली. "आर्डिस, तुम्हाला बोलता येतं म्हणाला होतात. बोला की मग."

आर्डिसने तिला एक सणसणीत शिवी दिली. नॉर्वेजियन शिवी होती, तिच्या आजोबांची. केंड्राला ती कळली नाही आणि कळली असती तरी ती हलली नसती. ती पत्रं हातात धरून तशीच उभी राहिली. लोटी रवंथ करत होती.

"सोमवारी," आर्डिस शेवटी म्हणाली. "आणि गाडी मी चालवणार. तू चालवतेस तशी चालवली तर कॅन्सरची गरजच पडायची नाही."

---

ला क्रॉसला त्यांनी तेवढाच भाग मोठा करून पुन्हा फोटो काढले. मग तिला पालथं झोपवून सुईने तुकडे काढले. आठवड्याने डॉक्टर लिंडक्विस्टने समोर बसवलं. ही डॉक्टर केंड्राच्या वयाची होती, बोलताना हात मांडीवर ठेवून बोलायची. कॅन्सर आहे, ती म्हणाली. पण सहा मिलिमीटर, जागच्या जागी. पडद्यावर पांढरे कण दाखवले, कोणी मीठ सांडावं तसे. तो भाग कापून काढायचा, थोडे दिवस किरण द्यायचे. "फार लवकर सापडलं. तुमचं नशीब चांगलं आहे."

केंड्रा शेजारी बसून रडायला लागली. आनंदाने रडत होती मूर्ख.

"नेमका कुठे?" आर्डिसने विचारलं.

"म्हणजे?"

"बोट ठेव माझं. नेमकं त्या जागेवर."

डॉक्टर जरा चक्रावली, पण तिने तिला आतल्या खोलीत नेलं, झगा सारला, सुईच्या खुणेशेजारी तिचं बोट नेऊन ठेवलं. आर्डिसने दाबलं. हळू दाबलं, जोरात दाबलं, बोट गोल फिरवलं. पंचेचाळीस वर्षांत शिकलेलं सगळं तिने त्या एका जागेवर वापरलं. कॅन्सर तिथे होता, कागदावर तसं लिहिलेलं होतं, आणि तिच्या बोटाखाली लोण्यासारखं मऊ होतं.

"माझ्याही हाताला लागत नाही," डॉक्टर म्हणाली. "कोणाच्याच लागणार नाही."

"गप्प बस जरा," आर्डिस म्हणाली.

ती झगा न सावरता तशीच बसून राहिली. तिला जगायला मिळणार होतं, आणि तिच्या मनात फक्त पिठाच्या गोण्या येत होत्या. दोन मिनिटं. तिने रोझॅनला दोन मिनिटंच दिली होती.

---

ऑपरेशनच्या आदल्या रविवारी ती चालत कुबालांकडे गेली. बर्फ घोट्याइतका होता. डेल्बर्ट कुंपणापाशी गुलाबी गठ्ठा चाकूने फाडत होता. गवताचा आंबूस वास येत होता. तिला बघून त्याने चाकू थांबवला नाही.

"तुला एक सांगायचंय," आर्डिस म्हणाली.

"सांग."

तिने सांगितलं. कोठीची खोली सांगितली, मावशी सांगितली, लोण्यासारखं मऊ आहे म्हटलं होतं तेही सांगितलं. उभ्या आयुष्यात ती डेल्बर्ट कुबालाशी इतकं हळू बोलली नव्हती. शेवटी म्हणाली, "मीच तिला त्या गाडीत जाऊ दिलं नाही."

डेल्बर्टने प्लास्टिक ओढून काढलं आणि त्याची घडी घालू लागला.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "त्याच संध्याकाळी घरी येऊन सांगितलं तिने. केवढी खूश होती. आर्डिस टॉलेफसन म्हणाली काही नाही म्हणून. ॲपल पाय दोनदा वाढून घेतला."



"मग त्या दिवशी मिलमध्ये मी तुला एवढं बोलले," ती म्हणाली, "नऊ माणसांत बोलले. तेव्हा का नाही बोललास?"

"काय बोलणार? तू बरोबरच म्हणत होतीस." त्याने घडी काखेत मारली आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. त्या बघण्यात मंदपणा नव्हता, तो कधीच नव्हता. "फक्त माझ्या बायकोला म्हणायला हवं होतंस, गाईंच्या बाबतीत म्हणालीस. एवढी हुशार बाई तू. मला वाटलं, बोलता बोलता तुझं तुला कळेल. पण तू हसत होतीस."

तो वळून गोठ्यात गेला. दार त्याने उघडंच ठेवलं, म्हणून ती मागून गेली. आत उबदार होतं. दारापासून तिसऱ्या दावणीला एक तांबडी गाय उभी होती.

"ही परवापासून कमी देतेय," डेल्बर्ट म्हणाला. "आलीच आहेस तर हात लाव. सांग काय आहे ते. तुझ्या बोटांवर सगळ्या काउंटीचा भरवसा आहे."

तो टिंगल करत होता. करायचा त्याला हक्क होता. आर्डिसचे हात सवयीने कोटाच्या खिशातून बाहेर आले, गाईच्या पोटाखाली जाऊ लागले, आणि तिने ते मधेच आवरले.

"तबकडी आण," ती म्हणाली.

"हात लाव की."

"तबकडी आण, डेल्बर्ट."

मग दुधाच्या खोलीत जाऊन त्याने खिळ्यावरची तबकडी काढली, पाण्याने धुतली आणि तिच्या हातात आणून दिली.